पताका कोणाची पुढे?

आमच्या शहरातील मराठी मंडळाच्या वर्धापनदिनी एका विद्वान वक्त्यांचे भाषण झाले. विषय होता ‘उत्सव आणि समाजाचे ऐक्य’. वक्त्यांची वाणी ओघवती होती, सभागृह भरलेले होते आणि टाळ्याही भरपूर पडल्या. भाषणाचा गाभा दोन वाक्यांत सांगता येईल. पहिले असे की, गोमंतकावर चालून आलेले परधर्मीय एकजुटीचे होते म्हणून जिंकले आणि आपण फुटलेले होतो म्हणून हरलो. दुसरे असे की, ती एकजूट त्यांनी भव्य उत्सवांतून कमावली, तेव्हा आपणही तेच करावे. भाषण संपताच त्याच व्यासपीठावरून सूचना आली : शहरातील दुसऱ्या मराठी संस्थेने यंदा गुढीपाडव्याला मोठी शोभायात्रा काढली असल्यामुळे आपल्या मंडळाने पुढील वर्षी तिच्या दुप्पट मोठी काढावी, आणि त्यासाठी ग्रंथालयाच्या डागडुजीकरिता राखून ठेवलेली रक्कम वापरावी. सूचनेला अनुमोदन मिळाले. विरोधात हात वर करणाऱ्यांत आम्ही होतो आणि आमच्यासह ते हात अवघे चार होते.

सभेत बोलण्यास आम्हांस तीन मिनिटे मिळाली. तेवढ्यात जे सांगता आले नाही ते येथे सांगत आहोत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील वाचकांना हा आमच्या गावचा घरगुती तंटा वाटेल. परंतु ज्या ज्या शहरात दोन मराठी संस्था आहेत तेथे हा तंटा आहेच, आणि आमच्या माहितीत एकच मराठी संस्था असलेले शहर फारसे नाही.

प्रथम वक्त्यांच्या पहिल्या वाक्याकडे वळू. ‘ते एकजुटीचे होते’ हे विधान आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, सोळाव्या-सतराव्या शतकांतील गोव्याचे ख्रिस्ती धर्मकारण ही एक अखंड भिंत कधीच नव्हती. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा जिंकले. १५१७ मध्ये फ्रान्सिस्कन आले. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर आले आणि त्यांच्यामागून जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे लोक आले. १५४८ मध्ये डॉमिनिकन, १५७२ मध्ये ऑगस्टिनियन, पुढे १६२० च्या सुमारास अनवाणी कार्मेलाइट आणि १६४० मध्ये थिएटाइन. प्रत्येक संघाचा संस्थापक वेगळा, झगा वेगळा, नियम वेगळे, वरिष्ठ वेगळे. मठासाठी जागा, राजाचे अनुदान, मृत्युपत्रांतून मिळणाऱ्या देणग्या आणि बाटविण्यासाठी गावे या चार गोष्टींसाठी त्यांच्यात सतत ओढाताण चाले. म्हणून तर मुलूख वाटून द्यावा लागला : बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, सासष्टी जेझुइटांकडे, आणि तिसवाडी मुख्यतः जेझुइट व डॉमिनिकन यांच्यामध्ये. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसास अशा वाटणीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. भाऊ एकत्र नांदत असताना कोणी वाटणीपत्र करीत नाही.

जेझुइटांनी जुन्या गोव्याच्या मध्यभागी आपले मुख्य निवासगृह उभारण्याचे ठरविले, तेव्हा विरोध करण्यास हिंदू नव्हते. विरोध फ्रान्सिस्कनांनी केला, ‘मिझेरिकॉर्दिया’ या धर्मादाय संस्थेने केला. कारण नवे देऊळ आपल्या दाराशी उभे राहिले तर आपले भाविक आणि त्यांच्या देणग्या तिकडे वळतील ही भीती. त्या निवासगृहाला लागून १५९४ मध्ये ज्याचा पाया घातला गेला ते बॉम जेझुस चर्च आज सारे जग पाहावयास येते. त्याच्या लाल जांभ्या दगडाच्या दर्शनी भिंतीसमोर छायाचित्र काढून घेणाऱ्यांस ही भिंत भांडणातून वर आली आहे याची कल्पना नसते.

आता उत्सवांकडे येऊ. मिरवणुकीत पुढे कोणी चालावे यावरून ख्रिस्ती संघांमध्ये जे तंटे होत ते इतके विकोपाला गेले होते की, ट्रेंट येथील धर्मपरिषदेस १५६३ च्या आपल्या शेवटच्या अधिवेशनात त्यावर स्वतंत्र नियम करावा लागला. अग्रक्रमाचा वाद उपस्थित झाल्यास बिशपने तो मिटवावा आणि त्यावर अपील चालू नये, असा त्या नियमाचा आशय. जी परिषद प्रॉटेस्टंट बंडाने हादरलेल्या धर्मसत्तेची घडी बसविण्यासाठी भरली होती, तिला साधूंच्या रांगेतील पुढच्या-मागच्या जागेवरही निवाड्याची व्यवस्था लावावी लागली, यावरून रोगाची व्याप्ती कळावी.

हा रोग स्पेनमध्ये होता, पोर्तुगालमध्ये होता आणि दोन्ही देशांच्या गलबतांबरोबर तो मेक्सिको, मनिला आणि गोवा येथे आला. मरियेचा गर्भसंभव निष्कलंक होता की नाही या प्रश्नावर फ्रान्सिस्कन व जेझुइट एका बाजूस आणि डॉमिनिकन दुसऱ्या बाजूस असा जो वाद होता, तो ग्रंथांत राहिला असता तर पंडितांपुरता राहिला असता. परंतु १६१५ पासून सेव्हिलच्या रस्त्यांवर त्याच्या मिरवणुका निघू लागल्या, आणि तत्त्वचर्चेचा निकाल कोणाच्या मेणबत्त्या अधिक यावर लागू लागला.

गोव्यापुरते बोलावयाचे तर याचे सर्वांत ठळक उदाहरण १६२२ नंतरच्या दोन वर्षांचे आहे. त्या वर्षीच्या १२ मार्च रोजी रोममध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी एकाच समारंभात पाच जणांस संतपद दिले : येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला, त्यांचे सहकारी फ्रान्सिस झेवियर, कार्मेलाइट संघात सुधारणा घडवून आणणारी अविलाची तेरेसा, रोमचे फिलिप नेरी आणि माद्रिदचा शेतकरी इसिदोर. एक दिवस, एक वेदी, पाच नावे. रोममध्येसुद्धा हे ऐक्य वरवरचेच होते. सेंट पीटरच्या चर्चमधील आरास मुळात एकट्या इसिदोरसाठी योजिली होती आणि इतर चौघे तिच्यात मागून सामील झाले. गोव्यात वार्ता पोहोचली तेव्हा तर हे सोपस्कारही उरले नाहीत. तेथे तेरेसेचा उत्सव वेगळा झाला आणि इग्नेशियस-झेवियर यांचा वेगळा, आणि मध्ये कित्येक महिने गेले.

त्या वेळी पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा एक सरदार प्रवासी गोव्यात राहत होता. त्याच्या पत्रांमुळे या दोन्ही उत्सवांचा वृत्तान्त आपणांस उपलब्ध झाला आहे. १६२३ च्या उन्हाळ्यात तेरेसेच्या संतपदाची वार्ता घोड्यावरील दोन मुलांनी जासुदांच्या वेषात व्हाइसरॉयकडे नेली, रात्री मशालींच्या उजेडात सोंगांची स्वारी निघाली, आणि खुद्द देल्ला वाल्लेही वाळवंटातील अरबाचा पोशाख करून तीत सामील झाला. गोव्यात नुकताच पाय रोवलेल्या एका लहान संघाने आपले अस्तित्व असे जाहीर केले.

जेझुइटांचे उत्तर १६२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आले आणि ते दुप्पट नव्हे, दसपट होते. आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांची त्यांनी घोडेस्वारी काढली. तिचे तीन भाग : एक युरोपीयांचा, एक आशियाइयांचा, एक आफ्रिकनांचा. पुढे ढगांचा रथ, त्यावर कर्णा फुंकणारी कीर्तिदेवता. आणखी दोन रथ, त्यांपैकी एकावर धर्मदेवता आणि दुसऱ्यावर अपोलो व कलादेवता बसलेला पार्नासस पर्वत. त्यांमागे चाकांवर बसविलेले पाच प्रचंड मनोरे. एकावर संघाचे हुतात्मे, एकावर संघाचे ग्रंथकार, एकावर ज्या ज्या देशांत संघ पोहोचला तेथील माणसे आपापल्या पोशाखात, आणि उरलेल्यांवर संघाच्या प्रांतांची बोधचिन्हे व चमत्कार रंगविलेले. मिरवणूक संपल्यावर हे मनोरे विजयस्तंभासारखे शहरातील प्रमुख चौकांत उभे करण्यात आले. बॉम जेझुससमोर आणि सेंट पॉलच्या महाविद्यालयासमोर तर केलेच, पण मुख्य बिशपच्या कॅथेड्रलसमोर आणि व्हाइसरॉयच्या वाड्यासमोरही केले. उत्सवाची अखेर झेवियरच्या चरित्रावरील एका भव्य नाटकाने झाली. त्यात शेकडो लोकांनी भाग घेतला. या साऱ्या थाटाची योजना सांगणारी पुस्तिका त्याच वर्षी राशोलच्या छापखान्यात छापून निघाली. आजच्या भाषेत आपण तिला स्मरणिका म्हणू.

सुज्ञ वाचकांनी या देखाव्यात काय होते आणि काय नव्हते हे नीट पाहावे. संत पाच होते. मनोऱ्यांवर संघ एकच होता. हुतात्मे फ्रान्सिस्कनांचेही झाले होते, ग्रंथकार डॉमिनिकनांचे तर अधिकच होते. त्यांपैकी कोणालाही त्या मनोऱ्यांवर जागा नव्हती. कॅथेड्रलसमोर आपला मनोरा उभा करणे म्हणजे ‘या शहरात आम्ही कोण आहोत’ हे मुख्य बिशपपासून प्रत्येक मठापर्यंत सर्वांना बजावणे होय. उत्सवाचा खरा श्रोता आकाशातील संत नव्हता, पलीकडच्या टेकडीवरील मठ होता.

आणि हे सारे कोणत्या काळी? ज्या १६२२ साली रोममध्ये ती पाच नावे वाचली गेली, त्याच साली इराणच्या शाहाने इंग्रजांच्या मदतीने होर्मुझ घेतले आणि पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील व्यापाराची एक किल्ली गेली. डच समुद्रावर घिरट्या घालीत होतेच; पुढे त्यांनी गोव्याच्या बंदराची वर्षानुवर्षे कोंडी केली आणि १६४१ मध्ये मलाक्काही गेले. घर एका कोपऱ्यातून पेटलेले असताना अंगणात रथ सजविले जात होते. उत्सवाने एकजूट आली असती तर ती दिसण्याचा काळ हाच होता. ती दिसली नाही. पोर्तुगीजांनी गोवा जिंकले ते तोफांच्या आणि गलबतांच्या बळावर. राखले ते जमिनीच्या कायद्यांनी आणि महसुलाच्या पट्ट्यांनी. मिरवणुकींचा त्यात हात नव्हता.

‘जमिनीचे कायदे’ म्हणताना आम्ही अलंकार वापरीत नाही. १५४१ मध्ये तिसवाडीतील मोडलेल्या देवळांच्या नमशीच्या जमिनींचे उत्पन्न धर्मप्रसाराकडे वळविण्यात आले. देवाचा दिवा, देवळाचा वाजंत्री, देवळी, भाविण यांच्यासाठी आमच्या पूर्वजांनी लावून दिलेल्या जमिनी त्या होत. गावकरीच्या उत्पन्नातूनच पुढे चर्चचे सण होऊ लागले. तेव्हा ज्यांच्या नावाने उत्सव ते संत स्पेनचे, ज्यांच्या कीर्तीसाठी उत्सव ते संघ युरोपचे, आणि खर्चात वाटा गोव्याच्या शेतकऱ्याचा, असा हा हिशेब आहे. पाच मनोऱ्यांची चाके ओढणारी माणसे हिंदी पोशाखात होती, असे देल्ला वाल्लेच लिहून ठेवतो. एवढीच त्यांची त्या वैभवातील जागा. मनोऱ्यावर चित्र म्हणून जागा मिळाली, संघात माणूस म्हणून मिळाली नाही. पेरो लुईस या केरळी ब्राह्मण धर्मांतरिताचा एक अपवाद सोडला तर जुन्या येशूसंघाने भारतीय माणसास आपल्यात घेतले नाही. दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू याला गोव्यात कोणी धर्मगुरूची दीक्षा देईना. रोमला जाऊन त्याने ती मिळविली, १६३७ मध्ये बिशपपदही मिळविले, आणि तरीही त्याला आदिलशाही मुलखात डिचोलीस ठाण मांडून गोव्याशी झुंजावे लागले. ज्यांना हिंदूंपेक्षाही आपल्याच धर्मातील सावळा माणूस नकोसा होता, त्यांच्या ‘एकजुटी’चे गोडवे आपल्या व्यासपीठावरून गायले जावेत याचे आम्हांस आश्चर्य वाटते. त्याच शतकभरात मंगेशी आणि शांतादुर्गा नदी ओलांडून अंत्रुजात आल्या होत्या. त्या रात्री नेल्या, वाजतगाजत नेल्या नाहीत. तरी आज साडेचारशे वर्षांनंतर त्यांच्या पालख्या निघत आहेत.

येथे एक आक्षेप येईल व तो योग्य आहे. स्पर्धेने काही चांगलेही घडते. ईर्षा नसती तर एवढी कला, एवढे संगीत, एवढे बांधकाम झाले असते काय? आम्ही हे मान्य करतो. किंबहुना ज्या एका क्षेत्रात या संघांची ईर्षा खरोखर फळास आली त्याचा लाभ आपणां मराठी माणसांना झाला आहे, हे आम्ही कृतज्ञतेने सांगतो. ते क्षेत्र भाषेचे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी सासष्टीत राहून ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते राशोलला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या ओव्यांतून मराठीच्या थोरवीवर जडलेले प्रेम. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रूआ यांचे सेंट पीटरवरील पुराण १६२९ चे. फ्रान्सिस्कनही मागे नव्हते. गास्पार द साँव मिगेल यांनी कोकणीचे व्याकरण लिहिले. आणि आन्तोनियु द साल्दान्य या जेझुइटाने १६५५ मध्ये पादुआच्या सेंट अँथनीचे चरित्र प्रसिद्ध केले. सेंट अँथनी फ्रान्सिस्कन संघाचा संत! रथावर जे घडू शकले नाही ते लेखणीने केले. एका संघाच्या माणसाने दुसऱ्या संघाचा संत आपला मानला. उत्सवाची ईर्षा आणि अभ्यासाची ईर्षा यांत हा भेद आहे. मिरवणुकीत पुढची जागा एकच असते; दुसरा मागे गेल्याखेरीज ती आपणांस मिळत नाही. ग्रंथाचे तसे नाही. दोन व्याकरणे लिहिली गेली तर दोन्ही उपयोगी पडतात.

पण हीच ईर्षा मानापमानावर आली की भाषेचाही बळी देते. फ्रान्सिस्कनांना आपल्या ताब्यातील लोकांची भाषा येत नाही, हा आरोप त्यांच्यावर पुन्हा पुन्हा होत राहिला. त्याला भाषा शिकून उत्तर देता आले असते. १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत देशी लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. धर्मगुरूने लोकांची भाषा शिकण्याऐवजी लोकांनीच ती टाकावी, हा तो न्याय. कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज विद्वानाने १८५८ मधील आपल्या कोकणीविषयक निबंधात कोकणीच्या या दुर्दशेचे खापर मुख्यतः फ्रान्सिस्कनांवर फोडले आहे. हा व्हाइसरॉय तोच की, ज्याने आदल्या वर्षी छत्रपती संभाजीमहाराजांची फौज दाराशी येताच बॉम जेझुसमध्ये धाव घेऊन आपला राजदंड झेवियरच्या शवाजवळ ठेवला होता.

मग त्या वैभवाचे पुढे काय झाले? १७५९ मध्ये पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याने येशूसंघाची हकालपट्टी केली. गोव्यातील जेझुइटांना धरून लिस्बनला पाठविण्यात आले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. १७७३ मध्ये पोपने संघच विसर्जित केला. १७८२ मध्ये झेवियरचे शव लोकांच्या दर्शनासाठी प्रथम जाहीरपणे ठेवण्यात आले. जेझुइटांनी ते पळविले अशी कुजबूज थांबविणे हा त्याचा एक हेतू होता. ज्यांनी त्याच्यासाठी १६२४ मध्ये ते पाच मनोरे उभारले त्यांच्यापैकी एकही त्या दर्शनाला नव्हता. पुढे १८३५ मध्ये गोव्यातील उरलेल्या संघांचेही मठ बंद झाले. सेंट पॉलच्या महाविद्यालयाची एक कमान उरली आहे. फ्रान्सिस्कनांच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. डॉमिनिकनांचा मठ नाहीसा झाला. ऑगस्टिनियनांच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. उरलेला अर्धा आज पावसात उभा आहे. त्याच ढिगाऱ्यातून जॉर्जियाच्या राणी केतेवानचा अस्थिशेष सापडला, हैदराबादच्या प्रयोगशाळेने त्याची ओळख पटविली आणि २०२१ मध्ये भारत सरकारने तो जॉर्जियास अर्पण केला. ज्याने त्याने आपापल्या संघासाठी जपलेले जे जे, ते शेवटी दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती गेले. झेवियरला तर आता कोणीच ‘जेझुइटांचा संत’ म्हणत नाही. तो ‘गोंयचो सायब’ झाला, आणि २०२४ च्या दर्शनसोहळ्याच्या रांगेत हिंदूही उभे होते.

संघ गेले, तरी त्यांनी लावलेली सवय गेली नाही. आम्ही हे ऐकीव सांगत नाही. गोव्यात हिंदू देवस्थानांचा प्रशासक मामलेदार असतो. त्यामुळे शासकीय सेवेत असताना महाजनांची भांडणे आमच्या टेबलावर येत. एका गावी पालखीला प्रथम खांदा कोणत्या कुळाने द्यावा यावरून जत्रा दोन वर्षे बंद राहिली. त्याच तालुक्यातील दुसऱ्या गावी फेस्ताच्या मिरवणुकीत लाल-पांढरे झगे घालण्याचा मान कोणत्या घराण्यांचा यावरून दोन्ही पक्ष आमच्या कचेरीत समोरासमोर उभे होते. एका प्रकरणातील कागद मोडीत होते, दुसऱ्यातील पोर्तुगीजमध्ये. अर्जांतील तक्रार मात्र अक्षरशः एकच होती : ‘आम्ही पुढे, ते मागे.’ एका पक्षाचे वयोवृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, ‘‘साहेब, देवाचं काय व्हायचं ते होऊं द्या, पण मानाचं बघा.’’ त्या वाक्यावर आम्ही तेव्हा हसलो होतो. आज हसू येत नाही.

कारण आमच्या मंडळाच्या सभेत तेच वाक्य सभ्य भाषेत बोलले गेले. ग्रंथालयाच्या दक्षिणेकडील खोलीचे छप्पर तीन पावसाळे गळत आहे. जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांस वाळवी लागली आहे. त्यांतील काही खंड गोव्यात दुसरीकडे कोठे मिळतील असे आम्हांस वाटत नाही. ते वाचविण्यासाठी सभासदांनी वर्षानुवर्षे पै-पै साठविली. ती रक्कम आता ढोलताशा पथकाच्या मानधनास, फेट्यांस आणि रथास जाणार, का, तर दुसऱ्या संस्थेच्या शोभायात्रेत दोन रथ होते! या ईर्षेत गुढीपाडवा कोठे आहे आणि मराठी कोठे आहे? शिवछत्रपतींची जयंती तारखेने करावी की तिथीने, यावरून ज्या समाजात दोन तट पडतात, त्याला उत्सव वाढविल्याने ऐक्य येते हे सांगणे म्हणजे तापात घोंगडी पांघरावयास देणे होय. उत्सव ऐक्य निर्माण करीत नाही. असलेले ऐक्य प्रकट करतो. नसेल तर फूट प्रकट करतो, आणि तीही रोषणाई करून.

आमच्या विरोधकांचा एक मुद्दा आम्ही टाळू इच्छीत नाही. ते म्हणतात, ग्रंथालयात तरुण येत नाहीत, शोभायात्रेत येतात. मग तरुण जेथे येतात तेथे पैसा घालू नये काय? तरुण येतात हे खरे आहे. त्यांच्या उत्साहाचा आम्हांस आनंद आहे आणि पाडव्याला गुढ्या उभारून चार गल्ल्यांतून वाजतगाजत फिरण्यास आमचा काडीचाही विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दुपारी बारा वाजता शोभायात्रा संपते. त्यानंतर त्या तरुणाला मंडळाच्या दारात काय सापडते? गळके छप्पर आणि कुलूप. रथामागून आलेल्या मुलाच्या हाती ठेवावयास आपल्याकडे काही नसेल, तर तो पुढच्या वर्षी ज्यांचा रथ मोठा त्यांच्याकडे जाईल. आणि त्याला दोष देता येणार नाही.

नुसता विरोध नोंदवून थांबणे आमच्या शासकीय सवयीत बसत नाही. म्हणून दोन सूचना करतो. पहिली, डागडुजीचा निधी ज्या कामासाठी जमा झाला त्याच कामास लागावा. शोभायात्रेसाठी वेगळी वर्गणी काढावी, तीत आमचीही असेल. दुसरी सूचना त्या भांडखोर संघांकडूनच घेतलेली आहे. सेंट डॉमिनिकच्या सणाला प्रवचनासाठी फ्रान्सिस्कन साधूस बोलवावयाचे आणि सेंट फ्रान्सिसच्या सणाला डॉमिनिकन साधूने प्रवचन करावयाचे, अशी या दोन संघांत एक जुनी प्रथा आहे. ज्यांनी शतकानुशतके एकमेकांस पाण्यात पाहिले, त्यांनीच आपल्या सर्वांत मोठ्या दिवशी प्रतिस्पर्ध्याला व्यासपीठ देण्याचा शहाणपणा दाखविला. आमच्या मंडळाने आपल्या पुढील वर्धापनदिनी दुसऱ्या संस्थेच्या अध्यक्षांस प्रमुख वक्ते म्हणून बोलवावे, आणि त्यांनी आपल्या वर्धापनदिनी आमच्या अध्यक्षांस. यास एक पैचा खर्च नाही. दोन्ही संस्थांची कार्यकारिणी ही गोष्ट मान्य करील काय? अडचण कोठे येईल हे आम्हांस ठाऊक आहे : आधी कोणी कोणास बोलवावयाचे?

शेवटी ‘क्रिस्तपुराणा’चीच एक गोष्ट. ते १६१६ मध्ये छापले गेले, १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले; परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ते वाचले कसे? गोव्यातून स्थलांतर करून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले होते. परक्या राज्यात, वेगळ्या भाषेच्या शेजारात, त्या घरांतून ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि महाराष्ट्रालाही उपलब्ध झाले. ती कुटुंबे कोणत्या मिरवणुकीत कितवी चालत होती याची नोंद आम्ही कोठे पाहिलेली नाही. मुलूख सोडलेल्या, परमुलखात रुजलेल्या त्या घरांनी एक पोथी कोरडी राखली. आपणही तशीच घरे आहोत. पाऊस जूनमध्ये येईल. तत्पूर्वी छपरावर कौले चढली पाहिजेत.